वीज पडून दोन वर्षं झाली, तरी आंग काऊन आखडते?

पऱ्हाटीवाला: वखरताना धुऱ्यावरच्या कडुलिंबावर वीज पडली, माह्या डाव्या बाजूचा बैल जागीच गेला, मले खरचटलं बी नाही. पण आता आभाळ भरून आलं का मान आखडते, हात गार पडतात, कापूस मोजताना काट्यावरचा आकडा दिसते पण डोक्यात शिरतच नाही. रिपोर्ट सारे नॉर्मल. मायचं म्हणणं बाहेरचं पाहा, साळा म्हणते सोमॅटिक थेरपी. हे काय असते?

धुऱ्यावरचा: बाहेरचं काही नाही भाऊ. मेंदूत अमिग्डाला नावाचा भाग धोक्याची घंटा वाजवते, मंग रक्तात अॅड्रेनालिन नावाचं रसायन, धडधड, स्नायू ताठ. सारं ध्यान आभाळाकडं गेल्यावर काट्यासाठी काय उरन? सोमॅटिक म्हंजे आंगाची; या थेरपीत घटना पुन्हापुन्हा वदवून घेत नाहीत, आंगात आत्ता कुठं काय होऊन राहिलं ते थोडं थोडं पाहायचं अन् मधातच पायाखालच्या जमिनीकडं परत यायचं.

नर्सताई: बरोबर, पण या सोमॅटिक थेरपीचा पुरावा अजून कमी आहे; ट्रॉमासाठीची, म्हणजे मनाला बसलेल्या धक्क्यासाठीची सीबीटी (विचार आणि वागणं बदलायला मदत करणारी बोलण्याची थेरपी) आणि ईएमडीआर (डोळे डावी-उजवीकडे फिरवत त्या आठवणीवर काम करणारी थेरपी) यांचा जास्त पक्का. डोळे मिटून श्वास पाहायचं एकट्याने करू नका दादा, काहींची भीती त्याने उलट वाढते. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला १४४१६ वर फोन लावा, मराठीत बोलतात, फुकट आहे.

पऱ्हाटीवाला: लावतो ताई. काल ढग आले तवा चप्पल काढून मातीत पाय रोवून उभा राह्यलो, हात जरा गरम झाले. डावीकडं मात्र पाहवलं नाही.