घरच्या लोखंडकामाला ग्राइंडर कशाला? हॅक्सॉ पुरतो!

कानसवाला
घरी धातू कापायची वेळ येते ती किती? दोन-चार बोल्ट लांब पडतात, एखादा चौकोनी पाइप आखूड करायचा असतो, कपाटाची पट्टी बसत नाही. आणि कुणाला विचारावं तर उत्तर ठरलेलं : ग्राइंडर, म्हणजे वेगाने फिरणाऱ्या चकतीने कापणारं विजेचं यंत्र, घ्या.

माझं म्हणणं, आधी हॅक्सॉची, म्हणजे धातू कापायच्या हातकरवतीची, दणकट फ्रेम आणि तीन प्रकारची पाती घ्या. हॅक्सॉला शिव्या देणारे बहुतेक जण खरं तर चुकीच्या पात्याला शिव्या देत असतात. पात्यावर एका इंचात किती दात ते छापलेलं असतं : १८, २४, ३२. कापताना निदान तीन दात एकाच वेळी धातूवर टेकले पाहिजेत. १८ दाती पात्याच्या दोन दातांत साधारण १.४ मिमी अंतर असतं. १ मिमी जाडीच्या पाइपवर ते चालवलं की पाइपची कड दोन दातांच्या मधे जाते, पातं अडकतं आणि दात तुटतात. मग लोक म्हणतात, माल हलका होता! पातळ पाइपला ३२, भरीव सळईला १८, बाकी बऱ्याचशा कामाला २४. दात पुढच्या दिशेला, पातं ताणून बसवलेलं, मिनिटाला पन्नासएक फेऱ्या, मागे येताना दाब नाही. झालं.

ठिणगी
तुमचा व्यायाम तुम्हाला लखलाभ. १ मिमीची पातळ चकती लावली की तोच पाइप अर्ध्या मिनिटात दोन तुकडे. शिवाय तुम्ही सोयीचीच उदाहरणं घेतलीत. भिंतीलगत गंजून बसलेला बोल्ट कापायचाय, तिथे तुमची फ्रेम शिरणार कुठून? आणि किल्ली हरवलेल्या कुलपाची कडी? चांगल्या कुलपाची कडी कडक केलेली असते. पातं वरून नुसतं घसरतं, दातच झिजतात. मी तासभर घासून बघितलंय, पॉलिशशिवाय काही निघालं नाही.

कानसवाला
कुलपाचं मान्य. भिंतीलगतच्या बोल्टाला मात्र पातं पुढे निघालेली छोटी मूठ मिळते, तिने काम होतं. वेळ लागतो, हेही मान्य.

पण १०० मिमीची चकती मिनिटाला ११,००० फेरे घेते तेव्हा तिची कड ताशी २०० किलोमीटरच्या वेगाने फिरत असते. गुणाकार करून बघा. हे यंत्र आपण पडदे, गाद्या आणि पोरं असलेल्या घरात चालवायचं? मी एकदा खिडकीजवळ कापलं. ठिणग्या काचेत रुतून बसल्या, पुसून निघेनात. पुढे पावसाळ्यात त्याच ठिपक्यांना गंज चढला. काच आजही तशीच आहे, येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो.

पत्राकात्री
तुम्ही दोघं पाइपवरच भांडताय. घरात पत्राही असतो! पातळ पत्र्याला हॅक्सॉ लावला तर तो थरथरतो आणि फाटतो, ग्राइंडर लावला तर कड जळते, रंग उडतो. पत्र्याला कात्री. जोरकस जोडाची जी कात्री येते तिच्या मुठींचे रंग शोभेचे नसतात : पिवळी सरळ कापायला, लाल डावीकडे वळायला, हिरवी उजवीकडे. साध्या लोखंडी पत्र्याला १.२ मिमीपर्यंत चालते, स्टेनलेसला त्याहून बरीच कमी जाडी धरा. आणि पाती पूर्ण मिटवू नका, नाहीतर प्रत्येक वेळी टोकाशी छोटी चीर पडते.

ठिणगी
कात्रीशी माझं भांडण नाही.
ग्राइंडरबद्दल मात्र एक सांगतो, कारण अपघाताच्या गोष्टी सांगणारे तो कसा होतो ते सांगत नाहीत. पाइपची दोन्ही टोकं टेकवून मधे कापला की पाइप खाली वाकतो, चीर मिटते, चकती चिमटली जाते आणि यंत्र अंगावर उसळतं. म्हणून एक बाजू वाइसमध्ये (टेबलाला बसवलेल्या शिकंज्यात) घट्ट धरायची आणि कापून पडणारा तुकडा मोकळा ठेवायचा. गार्ड, म्हणजे चकतीवरचं संरक्षक झाकण, काढायचं नाही, कापायच्या चकतीच्या सपाट बाजूने घासायचं नाही. चकतीच्या मधल्या कड्यावर मुदत छापलेली असते, तीही बघा. डोळ्यांवर गॉगल हवाच. हे पाळायचं नसेल तर हॅक्सॉच बरा.

नवशिका
माझ्याकडे ॲल्युमिनियमची पट्टी आणि स्टेनलेसचा पाइप आहे. मी कुणाचं ऐकू?

कानसवाला
ॲल्युमिनियमला माझं! साध्या चकतीत मऊ धातू भरतो, मग ती कापायची थांबते आणि नुसती तापते. पट्टी जाड असेल तर १८ दाती, पातळ असेल तर २४, आणि तेलाचे दोन थेंब. नंतर कानस मारताना तिच्या दातांत धातू अडकेल, म्हणून आधी कानशीवर खडू घासा.

ठिणगी
स्टेनलेसला माझं. हलक्या हाताने घासत बसलात की पृष्ठभाग आणखी कडक होतो, मग पातं सरकतच नाही. चकती घ्या, पण स्टेनलेससाठीची, आणि आधी साध्या लोखंडावर वापरलेली नको. लोखंडाचे कण चिकटतात आणि चकचकीत पाइपवर आठवड्याभरात तांबूस ठिपके उठतात.

कानसवाला
बायमेटल पातं (लवचीक पाठीला कडक दात जोडलेलं), दमदार दाब आणि सावकाश फेऱ्या, एवढ्यावर हातानेही स्टेनलेस कापतं. मी कापलंय.

ठिणगी
कापलं असेल. किती पाती मोडली तेही लिहा की!

कानसवाला
एक. तेही माझ्या चुकीने. जुनं पातं झिजल्यावर नवं त्याच खाचेत घातलं. पात्याचे दात दोन्ही बाजूंना थोडे फाकलेले असतात, झिजलेल्या पात्यात तो फाकवा कमी झालेला असतो, त्यामुळे खाच अरुंद पडते आणि नवं पातं तिथे गच्च बसतं. दुसऱ्याच फेरीत तुटलं. आता पातं बदललं की मी पाइप फिरवून घेतो आणि समोरच्या बाजूने नवी खाच सुरू करतो.