मदत हवी आहे : गावात येणाऱ्या स्वयंसेवक पर्यटकांना नेमकं कोणतं काम द्यावं?

नमस्कार मंडळी. आमच्या गावात आठ-पंधरा दिवसांसाठी बाहेरून स्वयंसेवक येतात. मनापासून राबतात, घरोघरी राहतात, त्यातून चार घरांना पैसेही मिळतात. पण शाळेची एकच भिंत तीन वर्षांत तीनदा रंगवून झाली! नखाने खरवडलं की खालचे दोन्ही रंग दिसतात. गावातला रंगारी मात्र तेवढे दिवस घरी बसून. हे मला फार लागतं.

मुलांना शिकवायचं काम तर मी बंदच केलंय. दर पंधरवड्याला नवी ताई, नवा दादा. लळा लागतो न लागतो तोच निरोप. (अनाथाश्रमांतल्या अशा स्वयंसेवेच्या धोक्यांची दखल संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही २०१९च्या ठरावात घेतली आहे.) 'वूफ' (WWOOF) या स्वयंसेवकांना सेंद्रिय शेतांशी जोडणाऱ्या जाळ्याचा शेतावरचा प्रकार जवळचा वाटतो. इंग्लंडमध्ये १९७१ साली सुरू झालेला. दिवसातले काही तास शेतात काम, बदल्यात राहणं-जेवण. पण त्यात शेतमजुरांची रोजी तर बुडणार नाही ना?

कुणी हे प्रत्यक्ष चालवलंय का? कामं कोण ठरवतं, गावकरी की पाहुणे पाठवणारी संस्था? पैशातला गावाचा वाटा किती ठेवता, हिशेब कुणाकडे असतो? तुमच्या हिशेबाच्या वहीचं एखादं पान दाखवता आलं तर फार मदत होईल.