सर्व्हरच्या डिस्कचे तुकडे पाडताना: तुमचे अनुभव

सनवाला
टीममध्ये नवीन आलेल्या पोराने आज विचारलं, "सर, सगळं एका रूटमध्येच टाकलं तर काय बिघडतं?" (रूट म्हणजे डिस्कचा मुख्य भाग, सिस्टिम असते तो) आणि मला एकदम सोलॅरिसची, म्हणजे सनच्या युनिक्सची, जुनी मशीनं आठवली. इन्स्टॉलच्या आधी कागदावर स्लाइस, म्हणजे डिस्कची पार्टिशनं, आखायचो. शून्यावर रूट, एकवर स्वॅप (रॅम अपुरी पडली की वापरायची जागा), दोन म्हणजे अख्खी डिस्क, तिला हात लावायचा नाही. व्हारला (लॉग, मेल असल्या फुगणाऱ्या फायली) किती आणि एक्सपोर्ट-होमला (युजरच्या फायली) किती यावर डबा खाताना भांडणं. स्वॅप रॅमच्या दुप्पट हे तर आरतीसारखं पाठ. तुमच्याकडे कसं आखायचे? कुठे अडलं? लिहा.

रात्रपाळी_रमा
व्हार. अजून काय लिहू?
मेल सर्व्हर होता. क्यू फुगत गेली, व्हार शंभर टक्के. पण वेगळं पार्टिशन होतं, रूटला धक्का नाही, घरून लॉगिन करून साफ केलं. शेजारच्या टीमचं सगळं एकात, ते बिचारे रात्री रिक्षा शोधत डेटा सेंटरला गेले. कुकर लावलाय, बाकी नंतर.

शंकासूर
रमाताई, फाइल सिस्टिम ईएक्सटी असेल तर 5 टक्के ब्लॉक रूट युजरसाठी, म्हणजे ॲडमिनसाठी, राखीव असतात. लॉगिन व्हायला हवं होतं त्यांना. बीएसडी युनिक्सच्या यूएफएस फाइल सिस्टिममध्ये तर पूर्वी 10 टक्के असायचे, डीएफ (जागा किती भरली ते सांगणारी कमांड) 105 टक्के वगैरे दाखवायचं आणि नवखे घाबरायचे.

रात्रपाळी_रमा
ईएक्सटी नाही, एक्सएफएस होती हो त्यांची, तिथे रूटसाठी असं राखीव नसतं. आणि शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचा गाळ झालाय.

लोकलचा_डबा
डीएफ म्हणतंय निम्मी डिस्क मोकळी, ॲप म्हणतंय जागा नाही. डीएफ -आय मारलं तर आयनोड (दर फायलीमागे एक लागणारी नोंद) खलास! पीएचपीच्या सेशनच्या बारक्या बारक्या फायली, लाखोंनी. सगळं पुसणारं आरएम स्टारही चालेना, 'आर्ग्युमेंट लिस्ट टू लाँग'. शेवटी फाइंडला डिलीट लावून चहाला गेलो, आलो तरी चालूच. ईएक्सटीफोरमध्ये आयनोड फॉरमॅट करतानाच ठरतात, तेव्हा बारक्या फायलींचं पार्टिशन असेल तर तेव्हाच जास्त मागून घ्या. ठाणे आलं, उतरतो.

जुनाणा
यूएसआर, म्हणजे प्रोग्रॅमांची डिरेक्टरी, वेगळं का, हे त्या पोराला सांगा. युनिक्स जन्मलं त्या बेल लॅब्समध्ये पीडीपी-11 कॉम्प्युटरला आरके05 डिस्क असायच्या, एकेकीवर जेमतेम अडीच एमबी. सिस्टिम पहिल्या डिस्कवर मावेना, म्हणून बाकीचे प्रोग्रॅम दुसरीवर ढकलले, जिथे युजर लोकांच्या डिरेक्टरी होत्या. निव्वळ जागेची अडचण! पुढे लोकांनी त्याचं शास्त्र केलं. फेडोरा 17 या लिनक्सने 2012 मध्ये बिन, एसबिन, लिब या रूटमधल्या डिरेक्टरी, सगळं यूएसआरमध्ये नेलं, तेव्हा आमच्याकडे दोघं महिनाभर चिडून होते.

सनवाला
त्यातला एक मी असतो तर मीही चिडलो असतो.

घरची_मंडळी
मला यातलं ओ की ठो कळत नाही. पण दर गणपतीत आरतीच्या वेळी फोन वाजतो आणि नवरा "व्हार भरलं" म्हणत माळ्यावर पळतो. ऐन नैवेद्याच्या वेळी! त्याला हा धागा दाखवते.

लोकलचा_डबा
वहिनी, लॉगरोटेट लावा म्हणावं, जुने लॉग आपोआप साफ होतात. उकडीचे की तळणीचे?

घरची_मंडळी
उकडीचेच. तळणीचे माहेरी.

वाटाण्याच्या_अक्षता
एलव्हीएम घ्या (पार्टिशनं नंतर वाढवता येतात) आणि विषय संपवा. फक्त व्हॉल्यूम ग्रुपमधली, म्हणजे डिस्कच्या सामायिक साठ्यातली, सगळी जागा पहिल्याच दिवशी वाटू नका. लागेल तिथे एलव्हीएक्सटेंड -आर मारून वाढवा, सर्व्हर चालू असताना. आमच्याकडे कुणीतरी इन्स्टॉलरच्या भरवशावर सोडलं: रूटला 50 जीबी, उरलेलं सगळं होमला. डेटाबेस सर्व्हरवर होममध्ये राहतंय कोण? एक्सएफएस वाढते, आकसत नाही. म्हणजे होम पाडून पुन्हा बांधा.

शंकासूर
टेम्पला (तात्पुरत्या फायलींची जागा) नोएक्झेक, म्हणजे तिथून प्रोग्रॅम चालवायला बंदी, लावणारे ऑडिटवाले भेटलेत का कुणाला? अर्धे इन्स्टॉलर तिथेच स्क्रिप्ट सोडून चालवतात, आणि मग आपल्याकडे बघतात.

रात्रपाळी_रमा
रीमाउंट एक्झेक, इन्स्टॉल, परत नोएक्झेक. दर वेळी. डॉकर (कंटेनर चालवणारं) असेल तर व्हार-लिब-डॉकर पण वेगळं काढा, जुन्या इमेजेस व्हार गिळतात.

नवीन_पोरगं
मीच तो विचारणारा. बूटला किती द्यायचं पण?

वाटाण्याच्या_अक्षता
एक जीबी दे. बूटमध्ये जुनी कर्नलं साचतात, अपडेट अर्ध्यात अडकतं.