मदत हवी आहे: टेक्सासमध्ये मुलाचं लग्न, न्यायाधीश 'श्रद्धेत बसत नाही' म्हणतात

नमस्कार. मी सांगलीची, सध्या टेक्सासला मुलाकडे आले आहे. गाव लहान, डॅलसपासून गाडीने अडीच तास. मुलगा आणि त्याचा जोडीदार चार वर्षं एकत्र राहतात, आता लग्न करतायत. (ते योग्य की अयोग्य यावर सल्ला नको. त्यासाठी घरात जाऊबाई आहेत.)

लग्नाच्या लायसन्ससाठी काउंटी (म्हणजे इथला जिल्हा) क्लर्कच्या ऑफिसात गेलो. खिडकीतल्या बाईंनी आडनावाचं स्पेलिंग दोनदा विचारलं, पैसे घेतले, वीस मिनिटांत कागद हातात. घोडं अडलं पुढे. लग्न लावायला तिथल्याच जस्टिस ऑफ द पीसकडे, म्हणजे स्थानिक न्यायाधीशांकडे, गेलो, तर त्यांच्या मदतनीस बाई अगदी गोड आवाजात म्हणाल्या, साहेब श्रद्धेमुळे फक्त स्त्री-पुरुषांचीच लग्नं लावतात. आणि पिवळ्या चिठ्ठीवर चाळीस मैलांवरच्या दुसऱ्या न्यायाधीशांचा नंबर लिहून दिला. मुलाने चिठ्ठीची घडी केली, खिशात घातली. घरी येईपर्यंत अवाक्षर नाही.

मी २८ वर्षं विवाह नोंदणी कार्यालयात कारकून होते. विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस फलकावर डकवणं माझंच काम. आंतरधर्मीय जोडपं आलं की आमचे एक साहेब म्हणायचे, "साक्षीदाराची सही जुळत नाही, सोमवारी या." सही जुळत असायची. मला दिसायचं, आणि मी गप्प बसायचे. म्हणून ती चिठ्ठी जरा जास्तच लागली असेल.

सांगलीत हे लग्न नोंदवता येणार नाही हे ठाऊक आहे, समलिंगी लग्नाला मान्यता न देणारा आपल्या सुप्रीम कोर्टाचा ऑक्टोबर २०२३ चा निकाल वाचलाय. पण इथे? सरकारी पगार घेणाऱ्याला असं म्हणता येतं का? तक्रार करावी का? आणि लायसन्सची मुदत किती?

ह्यूस्टनकर: काकू, लायसन्स देणं आणि लग्न लावणं ही दोन वेगळी कामं. अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २६ जून २०१५ ला समलिंगी लग्नाला देशभर मान्यता दिली, तेव्हापासून लायसन्स कोणत्याही काउंटीला नाकारता येत नाही. केंटकीत किम डेव्हिस या क्लर्कबाईंनी धर्माचं कारण देऊन सगळ्यांचीच लायसन्सं बंद केली, तर पाच दिवस तुरुंगात बसावं लागलं. पुढे २०२३ मध्ये ज्युरीने डेव्हिसबाईंना एका जोडप्याला माणशी ५० हजार डॉलर भरपाई द्यायला सांगितली, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने डेव्हिसबाईंचं अपीलही ऐकायला घेतलं नाही.
लग्न लावण्याचा मात्र टेक्सासच्या न्यायाधीशांना अधिकार आहे, सक्ती नाही. लायसन्स मिळाल्यावर ७२ तास थांबावं लागतं आणि ९० दिवसांत लग्न लागावं लागतं. तेव्हा रागात दिवस घालवू नका.

चिंचगूळ: तक्रारीतून फार काही निघेल असं वाटत नाही. टेक्सासमधल्याच वेको शहरातल्या एका न्यायाधीश बाईंना अशाच नकारावरून २०१९ मध्ये ताकीद मिळाली होती. त्या कोर्टात गेल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीशांच्या आचारसंहितेत टीपच घातली की श्रद्धेमुळे लग्न न लावणं हा नियमभंग नाही. मला पटत नाही. गुरुजींनी नाही म्हटलं तर समजू शकते, ते देवळाचे. हे साहेब करदात्यांचे. लग्नं लावायचीच नसतील तर कुणाचीच लावू नयेत.

ह्यूस्टनकर: तसं केलं तर बाकीच्यांनाही चाळीस मैल हेलपाटा, हो.

धागाकर्ती: दोघांचेही आभार. तुमचं वाचून मीच पिवळ्या चिठ्ठीवर फोन लावला. न्यायाधीश बाई स्वतःच बोलल्या. पुढचा शुक्रवार, दुपारी तीन. किती माणसं येणार, एवढंच विचारलं. मी अकरा सांगितली. त्यांच्या कोर्टाच्या खोलीत अक्षता टाकल्या तर चालतील का, हे विचारायचं राहिलं. कुणी टाकल्यात का?