मे महिन्यातला रोबो-बर्थडे: ज्यांनी घरी केला त्यांनी सांगा

मुलगा मे महिन्यात पाच वर्षांचा होतोय. फर्माईश एकच, "रोबोचा बर्थडे". घर नागपुरात, धरमपेठेत, दुसऱ्या मजल्यावर, हॉल लहान, पोट्टे दहा-बारा. सजावटवाल्याचा आकडा ऐकून नवरा म्हणाला, एवढ्यात खरा रोबो येईल. म्हणून घरीच करतेय. तुम्ही केलं असेल तर लिहा, आणि काय फसलं ते आधी लिहा.

त्रिमूर्तीनगरची आई
फसलेलंच सांगते. आमचाही मे महिन्यातच होता. पुठ्ठ्याचा चार फुटी रोबो, वर अॅल्युमिनियम फॉइल, पोटावर बाटल्यांची झाकणं, हाताला ड्रायरचा जुना पाइप. रात्री दोनपर्यंत जागून केला आणि हौसेनं कूलरसमोर उभा केला. सकाळी बघते तर साहेब गुडघ्यात वाकलेले! कूलरच्या दमट हवेनं पुठ्ठा मऊ पडला, सेलोटेप तर सगळी सुटून राहिली होती. दुपारपर्यंत मुंडकंही पुढे झुकलं. लेक म्हणाली, "आई, त्याला झोप येतेय." मग त्याच्या गळ्यात पाटी अडकवली, "चार्जिंग चालू आहे". पोरं त्याच्याभोवती कुजबुजत फिरली. तेव्हा पुठ्ठा कूलरच्या झोतात ठेवू नका, टेपऐवजी फेव्हिकॉल लावा आणि तो आदल्या दिवशीच वाळू द्या. फुगे गच्चीवर फुगवून ठेवू नका, उन्हानं पटापट फुटतात. आणि फॉइलचा पोशाख लेकराला दहा मिनिटांच्या वर घालू नका, आत शिजतं ते.

नंदनवनचे बाबा
खेळ सांगतो, खर्च शून्य. मी रोबो, डोळ्यांवर रुमाल. पोरांनी हुकूम द्यायचे आणि मला स्वयंपाकघरातल्या लाडवापर्यंत न्यायचं. नियम एवढाच की जे सांगाल तेच करणार. पहिला हुकूम आला, "पुढे जा". गेलो, जात राहिलो, फ्रिजवर आदळलो. "थांब" कोणी म्हटलंच नव्हतं! दुसऱ्या फेरीला सहा वर्षांची पोरगी म्हणाली, "चार पावलं पुढे, मग थांब, मग उजवीकडे वळ." मी वळलो, तर ती ओरडली, "माझं उजवं!" पाऊण तास गेला, टीव्हीची कोणाला आठवणही झाली नाही. कपाळावरचं टेंगूळ मात्र दोन दिवस होतं.

इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारा, मानेवाडा
डोळ्यांत दिवे लावणार असाल तर एक सांगतो. बारका लाल एलईडी 3 व्होल्टच्या बटन सेलवर सरळ पेटतो, लांब पाय प्लसकडे. सोपं आहे, पण लहान पोरांच्या घरात मी ते करत नाही. बटन सेल गिळला तर दोन तासांतही अन्ननलिका भाजू शकते. स्क्रूच्या झाकणाच्या डबीत दोन पेन्सिल सेल घाला, सोबत 100 ओहमचा रेझिस्टर. सीताबर्डीच्या बाजारात सगळं मिळतं.

महालातली आजी
नातू डोक्यावरचं खोकं काढेचना. ओवाळायचं कसं? शेवटी कुंकू खोक्यालाच लावलं, अक्षताही त्यावरच टाकल्या. खायला सांबारवड्या (कोथिंबिरीच्या) केल्या होत्या, त्या पोरांनी ताटात रोबोचे हात म्हणून मांडल्या. अंग संत्रा बर्फीचं.

प्रतापनगरची मावशी
केकवर करडं किंवा काळं आयसिंग सांगू नका. सगळ्या फोटोंत पोरांचे दात काळे.

खालच्या मजल्यावाल्यांचा विचार करणारा, लक्ष्मीनगर
आमच्या मुलीचा वाढदिवस 23 ऑगस्टला, 2023 साली चांद्रयान-3 चंद्रावर उतरलं तीच तारीख. म्हणून आम्ही प्रज्ञान रोव्हर, म्हणजे त्यातून चंद्रावर उतरलेली गाडी, केला: बुटांचं खोकं आणि सहा झाकणांची चाकं. आधी चारच लावली होती, तर एका पोट्ट्यानं लगेच चूक काढली. प्रज्ञानचं वजन 26 किलो. मग वजनकाटा काढून प्रत्येकाला तोलला, कोणीच प्रज्ञानएवढं भरलं नाही. आणि तो चालायचा सेकंदाला 1 सेंटिमीटर, म्हणून आम्ही सर्वांत हळू पोचणाऱ्याची शर्यत ठेवली. न थांबता सरकत राहायचं, थांबला तो बाद. दहा पोरं आणि घरात आवाज नाही, बापा! खालच्या काकूच वर बघायला आल्या, सगळे गेले का म्हणून.

त्रिमूर्तीनगरची आई, पुन्हा
धरमपेठवाल्या ताई, रोबोला मोठं खोकं लागेल. कूलर आपल्याकडे पत्र्याचे, त्याचं खोकं मिळत नाही. माझ्याकडे नव्या फ्रिजचं पडलंय, पाच फूट, कोरडं. रविवारी न्या, नाहीतर सोमवारी भंगारवाला येतोय.