व्हिस्कोम्ब एअर रायफलला अडीच हजार पाउंड मागतायत, द्यावेत का?

लेस्टरकर_निन्या:
मंडळी जरा अक्कल द्या. मी इंग्लंडात असतो, घरामागे लांबट बाग आहे, तिथे २० यार्डावर कागद लावून गेली सहा वर्षं स्प्रिंगवाली एअर रायफल एचडब्ल्यू ७७ मारतोय, सेकंडहँड अडीचशेला घेतलेली. परवा शनिवारी एका म्हातार्‍या कलेक्टरकडे छर्‍यांचे दोन डबे आणायला गेलो आणि त्या माणसानं कपाटातून व्हिस्कोम्ब जेडब्ल्यू ७५ काढून थेट माझ्या हातात दिली, म्हणे मारून बघ. मारली. राव, स्कोपमधला काळा ठिपका जागचा हललाच नाही, कागदाला भोक पडताना मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. माझ्या ७७ ला बार झाला की स्कोपमध्ये आधी आकाश दिसतं, मग शेजार्‍याचं कुंपण. आता तो अडीच हजार म्हणतोय, सोबत दोन जादा बॅरल. बाबांना व्हिडिओ कॉलवर सांगितलं तर म्हणाले, जत्रेत फुगे फोडायच्या बंदुकीला? उत्तर सुचलं नाही. खरंच एवढी किंमत असते का ह्या वस्तूंना, की पाच कलेक्टर मिळून एकमेकांत भाव चढवतात?

दहा_मीटर_कोल्हापूर:
नको घेऊ. धक्का नको असेल तर त्याच पैशात जर्मन मॅच रायफल सेकंडहँड मिळते, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवाली. त्यात जड पिस्टन धावतच नाही, त्यामुळे धक्का जवळपास नाहीच. आज ऑलिम्पिकच्या दहा मीटरला सगळे तसल्याच मारतात. आमच्या क्लबात एक जुनी स्प्रिंगवाली जर्मन मॅच रायफल, फाइनवेर्कबाउ ३००एस, पडून आहे, ७० च्या दशकातला मोठा दबदबा, बार झाला की वरचा सगळा लोखंडी भाग रुळावर मागे सरकतो आणि दस्ता गालाला तसाच राहतो, नवीन पोरं बघून खूश होतात. पण निवडचाचणीला कुणी ती घेऊन जात नाही. व्हिस्कोम्बनं धक्क्याचं कोडं सुंदर सोडवलं, पण बाकीच्या जगाला त्या कोड्याची गरजच उरली नाही. त्याचे अडीच हजार कशाला?

गिअरबॉक्स_भोसरी:
कोल्हापूरकर, नेमबाज म्हणून तुमचं बरोबर. पण प्रश्न किंमत रास्त आहे का असा आहे, म्हणून मी वर्कशॉपवाल्याच्या बाजूनं बोलतो. स्प्रिंगच्या बंदुकीत पिस्टन पुढे उडतो तेव्हा बंदूक मागे येते, मग पिस्टन हवेच्या उशीवर आपटतो तेव्हा पुढे ओढली जाते, आणि हे सगळं छर्रा नळीतून बाहेर पडायच्या आत. म्हणून तर स्प्रिंगवाली घट्ट धरली की नेम बिघडतो. जर्मनांनी याला दोन औषधं काढली. एक रुळाचं, जे वर आलंय. दुसरं डायाना कंपनीचं गीस सिस्टीम, ज्यात मागे एक डमी पिस्टन उलट्या दिशेला पळतो, दोन्ही दातेरी पट्ट्या नि चाकांनी बांधलेले, म्हणजे अर्धी ताकद नुसती तोल सांभाळण्यात जाते. जॉन व्हिस्कोम्बनं काय केलं, दोन्ही पिस्टन कामाला लावले, समोरासमोर, हवा मध्ये दाबायची. डमी कुणीच नाही. आता हे कागदावर सोपं आहे, पण दोन्ही एकाच क्षणी सुटायला पाहिजेत, वजन, स्प्रिंग, सील, घर्षण सगळं जुळायला पाहिजे, नाहीतर धक्का राहिला तो राहिलाच आणि वर दुप्पट पार्ट. माझ्याकडे एखादा पीस बनवायची चौकशी आली की मी आधी फिक्स्चरचे, म्हणजे पार्ट पकडून ठेवायच्या साच्याचे पैसे धरतो, मग सिलिंडर होनिंग, म्हणजे आतून घासून गुळगुळीत करणं, मग जुळवायला लागणारे तास, कारण पहिल्या फटक्यात बसतच नाही, खोल, घास, परत बसव. हजार पीसची ऑर्डर असेल तर हा खर्च वाटला जातो, इथे एक माणूस छोट्या वर्कशॉपात थोड्याथोड्या बंदुका करत होता, वाटणार कुणावर? मला कुणी म्हटलं ना की अशी एक बनवून दे, तर अडीच हजार पाउंडात मी कोटेशनसुद्धा देणार नाही. चढा भाव म्हणाल तर तो कंपनीच्या साध्या बंदुकीवर सोन्याचं पाणी नि नक्षी मारून लिमिटेड एडिशन म्हणून विकतात त्याचा. आत तीच स्प्रिंग असते.

सतारीचा_गाव:
बंदुकीतलं ओ की ठो कळत नाही पण मिरजेचा म्हणून सांगतो, इलेक्ट्रॉनिक तंबोरा कधी उतरत नाही आणि खिशात मावतो. तरी भोपळ्याच्या तंबोर्‍याला लोक ऑर्डर देऊन महिनोन्महिने थांबतात. फक्त, जो घेऊन खोळ घालून कोपर्‍यात उभा करणार त्यानं घेऊ नये हो.

काका_बर्मिंगहॅम:
निन्या, कौतुक पुरे, आता कामाचं ऐक. जेडब्ल्यू ७५ ची ताकद आतला पोर्ट, म्हणजे हवा जायचं भोक, बदलून कमीजास्त करता येते. इंग्लंड-वेल्समध्ये बिनालायसन एअर रायफलला ताकदीची मर्यादा १२ फूट-पाउंड. तेव्हा क्रोनोग्राफ, म्हणजे वेग मोजायचं यंत्र, घेऊन जा नि हलके, जड, मधले असे तीनचार जातींचे छर्रे मारून बघ, प्रत्येक जादा बॅरलवर सुद्धा. एखादा आकडा जरी वर गेला आणि तुझ्याकडे फायरआर्म सर्टिफिकेट नसलं तर गुन्हा तुझ्या नावावर, ‘आधीच्या मालकानं सांगितलं होतं’ हे चालत नाही. दुसरं, रिटायर होऊन पुण्याला जाताना सोबत नेईन असं मनात असेल तर जादा बॅरलमध्ये .२२ इंच मापाची असेल तर ती विसर. आपल्याकडे २० ज्यूलच्या आत आणि .१७७ चीच विनापरवाना चालते. तिसरं, मोडली तर? फोन उचलायला मागे फॅक्टरी नाही, सील घालायला ओळखीचा मेकॅनिक आहे का ते आधी बघ.
आणि हात नुसताच शिवशिवत असेल तर आधी ओरिजिनल ७५ घे. नाव बघून डुप्लिकेट समजू नकोस, ती जर्मन डायानाच. दुसर्‍या महायुद्धानंतर डायाना हे नाव नि मशिनरी स्कॉटलंडच्या मिलब्रो कंपनीकडे गेली, म्हणून जर्मनांना इथे स्वतःचा माल बरीच वर्षं ‘ओरिजिनल’ म्हणून विकावा लागला. गीस सिस्टीम, साइड लिव्हर, व्हिस्कोम्बच्या एक-पंचमांश पैशात मिळून जाईल.

दहा_मीटर_कोल्हापूर:
भोसरीकर, कोटेशनचा मुद्दा मान्य. पण बनवायला महाग पडली म्हणून घेणार्‍यानं तेवढे द्यावेत असं थोडंच असतं. आणि ती उचलून बघितलीस का निन्या, खांद्यावर दहा मिनिटं धर एकदा.

लेस्टरकर_निन्या:
काल परत गेलो, क्रोनो घेऊन. आकडे सगळे आत आले, जास्तीत जास्त ११.४ फूट-पाउंड. वजनाचं खरंय, विसाव्या बाराला डावा हात थरथरायला लागला. म्हातारा एक पाउंड कमी करेना, म्हणाला तुला नको तर नको, मला विकायची घाई नाही. मीच खिडकीपाशी तिची लिव्हर ओढून ओढून बघत बसलो अर्धा तास. बाबांचा फुग्यांचा प्रश्न होता तो भोसरीकरांनी सोडवला, किंमत रास्त आहे हे पटलं, पण माझ्याकडे अडीच हजार रास्त मार्गानं येत नाहीत.
काकांचं ऐकलं आणि ओरिजिनल ७५ घेतली, साडेतीनशेला. पहिलाच बार फुसका. उघडली तर पिस्टनचं सील तपकिरी मेणासारखं, बोट लावलं की चुरा, सगळा पेपरवर सांडला. नवीन सील मागवून घातलं, पण दातेरी चाकावर खूण करायची राहिली आणि बहुतेक एक दात चुकला, आता ही माझ्या ७७ पेक्षा जास्त उडी मारते. गिअरबॉक्सभाऊ, रविवारी तुमच्या संध्याकाळी व्हिडिओ कॉल केला तर चालेल का? बंदूक टेबलावर उघडीच ठेवलीय.