मदत हवी आहे : 'इन्सिपिड' आणि 'व्हॅपिड', दोन्हींना 'नीरस'च म्हणायचं का?

नमस्कार मंडळी. मी खानापूरला घरीच पदवीच्या मुलांच्या इंग्रजीच्या शिकवण्या घेते. परवा एका सराव पेपरातल्या गाळलेल्या जागेवर अडलो. वाक्याचा अर्थ साधारण असा : समारंभातल्या गप्पा इतक्या ____ होत्या की ती लवकर घरी गेली. पर्यायांत इन्सिपिड आणि व्हॅपिड दोन्ही, उत्तर म्हणून छापलेलं व्हॅपिड. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, पहिला का नको?" मला पटकन सांगता येईना. घरातल्या कोशात दोन्हींपुढे 'नीरस, बेचव' एवढंच.

इन्सिपिड सोपा गेला. आमच्याकडे मीठ कमी पडलं की मराठी घरातसुद्धा "आमटी सप्पे झालीय" म्हणतात. शब्द कन्नड, पण आता आमचाच. मूळही तसंच : लॅटिन 'सापेरे' म्हणजे चव असणं, त्यावरून 'सापिदुस' म्हणजे चवदार, त्याला नकाराचा 'इन' लागला. होमो सेपियन्समधला सेपियन्सही याच क्रियापदाचा, कारण सापेरेचा दुसरा अर्थ शहाणं असणं. (आपला 'रस' नाही का जिभेवरून काव्यात गेला!)

घोडं अडतंय व्हॅपिडपाशी. लॅटिनमध्ये 'वाप्पा' म्हणजे उतरलेली वाइन, निकामी माणसालाही तोच शब्द लावत, इथवर सापडलं. म्हणून मी फोडून तासभर ठेवलेल्या गोटी सोड्याचं उदाहरण दिलं. आणि स्वतःच फसले. व्हॅपिड म्हणायला आधी फसफस असायलाच हवी का? सप्पे आमटीला व्हॅपिड म्हटलं तर चुकलं का? मराठीत नेमका शब्द कोणता? मला 'पांचट' सुचतो, पण तो ताकालाही लागतो आणि विनोदालाही.

प्रतिसाद १
मॅडम, व्युत्पत्ती लक्षात ठेवायला बरी, वापर तिच्यावर ठरवू नका. दोघेही 17व्या शतकात इंग्रजीत आले आणि तेव्हा दोघेही खाण्यापिण्याला लागत. इन्सिपिड अजून चहा, सूप, रंग, कविता, माणूस, सगळीकडे चालतो. व्हॅपिड मात्र पानावरून जवळजवळ उठलाय. आता तो बोलण्याला, हसण्याला, टीव्हीवरच्या कार्यक्रमांना लागतो, आणि त्यात टोमणा असतो : आत विचारच नाही. आधी फसफस असण्याची अट कधीच सुटली. आमटीला म्हटलंत तर कळेल, पण कानाला खटकेल. मराठीत मी 'पोकळ' म्हणेन. पांचट विनोद निदान एखाद्याला तरी हसवतो.
तुमच्या वाक्यात खरं तर दोन्ही बसतात, पेपर काढणाऱ्यानं आळस केलाय. गप्पा म्हटल्यावर व्हॅपिडकडे झुकतं माप, इतकंच. मुलांना एक सांगून ठेवा, रिकाम्या जागेआधी 'अ‍ॅन' दिसला की व्हॅपिड बाद.

धागाकर्ती
'अ‍ॅन'चं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, आभारी आहे! 'पोकळ' वर्गात चालला. फक्त मागून एकानं विचारलं, "मॅडम, मग सादळलेले चिरमुरे कशात?" त्याला उद्या सांगते म्हटलंय. सुचवा काहीतरी.